आतला लेप

१

चंद्रप्रभाबाई कुठंही कामाला गेल्या की आधी यंत्र काढायच्या आणि आपल्याच गळ्यातल्या साखळीवर धरायच्या. यंत्र म्हणजे बंदुकीसारखं, घोडा असलेलं. घोडा दाबला की पडद्यावर उमटायचं, चांदी एवढी, तांबं एवढं. साखळी आईची, तुळजापूरच्या सोनाराकडची. तिच्यात काय आहे ते बाईंना पाठ. यंत्रानं बरोबर सांगितलं की म्हणायचं, "शुद्धीवर आहे," आणि मगच चहाचा कप हातात घ्यायचा. हा नेम कधी चुकला नाही.

बाई रसायनवाल्या, पण बाटल्या हलवणाऱ्या नव्हेत. त्यांचं काम जुन्या चित्रांचं. चित्रावर उजेड टाकायचा, तोही डोळ्याला न दिसणारा, आणि रंग त्या उजेडाला काय उत्तर देतो ते वाचायचं. शिसं एक उत्तर देतं, पारा दुसरं, लोखंड तिसरं. तेल ताजं आहे का आज्याच्या काळातलं, तेही कळतं. चित्राला नखसुद्धा लावावं लागत नाही. पुण्यातल्या एका शेटजींनी दोनशे वर्षांचं म्हणून घेतलेलं चित्र त्यांनी असंच तपासलं. त्यातला पांढरा रंग शेटजींच्या बापाच्या लग्नानंतर बाजारात आलेला निघाला. शेटजी म्हणाले, जरा सांभाळून लिहा. बाईंनी लिहायचं ते लिहिलं. निघताना शेटजींनी पाणी विचारलं नाही आणि बाईंनी मागितलं नाही. सगळी नोकरी अशीच गेली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी पुरातत्त्व खात्याचं अडलं की फोन यायचा आणि बाई बॅग भरायच्या.

या खेपेचं काम परंड्याहून सोनारीकडं जाताना लागणाऱ्या बाभूळडोह गावात. तिथला देव म्हणजे नुसती भिंत. मूर्ती नाही, तांदळ्याचा ओबडधोबड दगडही नाही. गाभाऱ्याची समोरची भिंत आणि तिच्यावर शेंदूर. गाव तिला भिंतोबा म्हणतं. शेंदराखाली कुणाचं तरी जुनं चित्र आहे असं जो तो सांगायचा, बघितलेला एकही नव्हता. चित्र असलं तर शेंदूर उतरवून ते वाचवायचं, असं खात्याच्या मनात. आहे का नाही, ते बाईंनी सांगायचं.

बाहेर चैत्राचं ऊन भाजत होतं. आत गाभारा मात्र माठात डोकं घातल्यासारखा गार. दारातच धोंडीबा गुरव बसलेला. ऐंशीच्या पुढचा. दोन्ही पंजे मनगटातून खाली लोंबलेले, वाळल्या फांदीला शेंगा लोंबाव्या तसे. कपाळावरची माशी हाकलायची तर म्हातारा अख्खा दंड उचलून पंजा फेकायचा.

"देवाला बंदूक दावता व्हय, बाई?"

"देवाला नाही, शेंदराला."

"त्यो काय येगळा हाय?"

"तेच बघायला आलेय. सरका, उजेड अडतोय."

"सरकतो की. पर उडालं-बिडालं काय तर आमच्या तेरखेड्याच्या फटाकेवाल्या पाव्हण्याला सांगावा धाडा. बार उडवायचं काम त्येंचं, गुरवाचं न्हवं."

बाईंनी घोडा दाबला. पडदा शिशानं भरून गेला. आजकाल शेंदूर म्हणून बाजारात नारिंगी भुकटी विकतात, तसला हा नव्हता. खरा शेंदूर, जड, आणि थर वीतभर जाड.

मग तिपाईवर दुसरं यंत्र लावलं. हा कॅमेरा शेंदराच्या पार बघायचा. लाल रंग त्याला धुक्यासारखा, आणि खाली काजळीनं काढलेलं काही असेल तर ते काळं दिसायचं. बराच वेळ नुसतं धुकं. मग एका जागी दिसलं. डोकं. खांदा. वर उचललेला एक हात.

"चित्र आहे," बाई म्हणाल्या, आणि पिशवीतून शेंगदाण्याची चिक्की काढून खाल्ली.

२

लेपाचा मान गुरवाच्या घरचा. दर अमावस्येला आंघोळ करून घरच्या करडईच्या तेलात शेंदूर कालवायचा आणि उघड्या तीन बोटांनी भिंतीला लावायचा. खालून वर. मधे बोट उचलायचं नाही, बोलायचं नाही, आणि दाबून लावायचं. धोंडीबानं जन्मभर लावला. त्याचे हात गेले तेव्हा मुलगा बलभीम येरमाळ्याला टायरच्या दुकानात कामाला लागलेला. त्याला अमावस्येची सुट्टी कोण देणार? मान सुनेकडं आला.

सून शिवरंजनी. तिशीतली, कामाला वाघ. गावातल्या निम्म्या बायकांची पोलकी तिच्या मशीनवर शिवलेली. बाईंची राहायची सोय तिच्याच घरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई चुलीपाशी बसल्या होत्या, शिवरंजनी भाकरी थापत होती. थापता थापता तिचा उजवा पंजा मनगटातून खाली पडला. कुणी दोरा कापावा तसा. भाकरी फाटली. शिवरंजनीनं डाव्या हातानं उजवा उचलून परातीत ठेवला, पीठ गोळा केलं आणि पुन्हा थापायला लागली.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"काय कधीपास्नं, मॅडम?"

"हात."

"त्ये व्हय. दिवाळीपास्नं. सुईत दोरा जात न्हाय आता. मशीन झाकून ठिवलंय." ती हसली. "मामंजी म्हणत्यात, देवानं हात धरलाय. त्येंचा धरला, त्येंच्या वडलांचा धरला. ज्याचा धरला त्यो भाग्याचा. म्हणलं, एवढं भाग्य हाय तर भाकरी बी देवानंच थापावी की!"

बाई हसल्या नाहीत. हात असा कशानं गळतो हे त्यांनी कॉलेजात वाचलं होतं. रंगाऱ्यांचा जुना आजार. शिसं अंगात गेलं की आधी मनगट जातं. त्यांनी त्याच दिवशी शिवरंजनीला बार्शीला नेलं, रक्त द्यायला लावलं. रक्तातल्या शिशाचा आकडा आला तेव्हा तिथल्या डॉक्टरनं फोन करून विचारलं, "पेशंट बॅटरीच्या कारखान्यात आहे का?"

बाई तडक अंगणात आल्या. म्हातारा बाजेवर बसून दोन्ही मनगटांमधे कप धरून चहा पीत होता.

"धोंडीबाबा, हा हात देवानं धरलेला नाही. शिशानं धरलाय. विष आहे शेंदरात. थोडं कातडीतून जातं, बाकीचं नखातून तोंडात. तुमचे हात गेले, हिरड्या काळ्या पडल्या, पोटात कळा येतात. येतात ना?"

"येत्यात."

"सुनेचे हात अजून वाचतील. आत्ता थांबली तर. आणखी वर्षभर लावत राहिली तर नाही."

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. सांडलाच थोडा. "मंजी आमच्या तीन पिढ्या येड्या."

"वेड्या कशाला? कुणी सांगितलं नव्हतं."

"आन तुमी सांगितलं. बंदुकीनं."

"हो, बंदुकीनं. लेप लावायचाच असेल तर गेरू लावा. त्यात शिसं नसतं. हातमोजा घाला. कुंचला घ्या."

"उघडं बोट लागतंय. आन दाबून लागतंय. कुंचला काय दाबणार? त्येला मनगट हाय व्हय?"

"पण दाबायचं कशासाठी?"

म्हाताऱ्यानं पायानं कप बाजूला सारला. "दाबायचं," एवढंच म्हणाला.

शिवरंजनी उंबऱ्यात उभी होती. ती पदराला हात पुसत पुढं आली. सासऱ्यापुढं ती कधी मोठ्यानं बोलत नसे. "मामंजी, या अवसंला म्या लावणार न्हाय. मला मशीन चालवायचंय."

धोंडीबा ओरडला नाही. त्यानं फक्त विचारलं, "मग कोण लावणार?"

"कुणीच नाही," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "अमावस्येला मी स्वतः तिथं बसते. बघू काय होतं."

३

शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. एका वर्गाची किल्ली घेऊन बाईंनी तिथं आपलं दुकान मांडलं. भिंतोबाच्या पायाशी तळहाताएवढी एक खपली आपोआप सुटून पडली होती, ती त्यांनी डबीत घालून आणली. वरच्या अंगाला पेन्सिलीनं फुली मारली आणि थर एकेक करून तपासायला बसल्या.

यात अवघड काही नाही. घराला दर दिवाळीला चुना दिला तर सगळ्यात आतला चुना सगळ्यात जुना. शेंदराचंही तसंच. करडईचं तेल हवेवर हळूहळू वाळतं, घट्ट होतं, वर्षांनी शिशाशी एकजीव होऊन दगडासारखं होतं. वरचा थर मागच्या अमावस्येचा, ओलसर. त्याखालचा घट्ट. त्याखालचा आणखी. यंत्र ओळीनं तेच सांगत गेलं. बाई मान हलवत होत्या.

खपलीच्या मध्यावर तेल पार वाळून दगड झालेलं. इथून पुढं आत जावं तसं आणखी जुनं लागायला हवं.

लागलं नाही. पुढचा थर थोडा नवा निघाला. त्याच्या आतला आणखी नवा. आणि सगळ्यात आतला, जो भिंतीला चिकटलेला होता, ज्यावर कुणा खापरपणज्याचं बोट फिरलं असेल, त्यातलं तेल वाळलेलंच नव्हतं. काल-परवा कालवल्यासारखं.

बाईंना वाटलं, आपण तुकडा उलटा ठेवला. फुली बघितली. बरोबर होती. यंत्राची काच पुसली, नवा कपचा काढला, पुन्हा लावला. तेच. गळ्यातल्या साखळीवर बंदूक धरली. चांदी एवढी, तांबं एवढं. शुद्धीवर होतं.

मग वाटलं, तेल मुरलं असेल. पण मुरायचं तर मधल्या थरांतून मुरावं लागेल, आणि मधले थर ठणठणीत कोरडे. मागून आलं असेल? बाई उन्हात उठल्या आणि देवळाला वळसा घालून भिंतीच्या मागं गेल्या. मागं काढणी झालेलं तुरीचं रान. भिंतीचे दगड बाहेरून कोरडे, तापलेले. एक शेळी बांधलेली, ती दगडाला शिंगं घासत होती. ना मोरी, ना नळ, ना ओल.

परत येऊन त्यांनी खपलीची आतली बाजू नाकाशी नेली. ताज्या करडईचा वास. घाण्यावरून आत्ता आणल्यासारखा.

"होईल उलगडा," बाई शाळेच्या फळ्याला म्हणाल्या. फळ्यावर सुट्टीच्या शुभेच्छा होत्या.

४

उलगडा झाला नाही. उलट झालं.

तपासणीच्या नादात बाईंनी खपलीची पाठ डोळ्यांनी नीट बघितलीच नव्हती. भिंतीला इतकी वर्षं चिकटलेल्या तुकड्याच्या पाठीवर दगडाचे खड्डे उठायला हवेत, भाकरीला तव्याचे डाग उठतात तसे. एकही नव्हता. पाठीवर तीन खोबण्या होत्या. लांब, गुळगुळीत, एकमेकींशेजारी.

ओल्या शेंदरावरून बोट फिरलं की खोबण पडते, ज्या बाजूनं बोट फिरतं त्या बाजूला. ही बाजू भिंतीकडची होती.

बाईंनी शिवरंजनीला कणकेचा गोळा मागितला. तिनं विचारलं नाही कशाला. बाईंनी तो खोबण्यांत दाबला, थोडा वेळ धरला, अलगद उचलला. कणकेवर तीन बोटं उमटून वर आली. पेरं, टोकं, टोकांवरच्या रेषासुद्धा. आणि शेंदूर जिथं साचून गोळा झाला होता त्यावरून कळत होतं की बोटं कुठून निघाली आणि कुठं थांबली.

शिवरंजनी वाकून बघत होती. तिनं आपली बोटं शेजारी धरून बघितली. "ही माझी न्हायत."

"माहीत आहे."

"मामंजींची बी न्हायत. त्येंची जाड हायत. मग कुणाची?"

"अजून माहीत नाही."

बाईंनी तो गोळा तसाच ताटलीत घेऊन धोंडीबाला नेऊन दाखवला. म्हातारा ताटलीवर वाकला. कोंबडी ताटलीशी आली, तिला त्यानं हाकललं नाही.

"खालून वर, का वरून खाली?"

"वरून खाली."

म्हाताऱ्यानं दातात घोंगडीचं टोक धरलं आणि ओढून ओढून आपले दोन्ही पंजे झाकले. उन्हाळ्याच्या भर दुपारी. "पोरीला लावू द्या, बाई."

"का?"

"आमी हिकडनं दाबतो. तिकडचं म्या कधी बघितलं न्हाय आन बघायचं बी न्हाय."

"तिकडं तुरीचं रान आहे, धोंडीबाबा. मी बघून आलेय. शेळी बांधलीय तिथं."

"शेळी हाय," म्हातारा म्हणाला. "व्हय. शेळी हाय."

बाईंना राग आला. भ्यायलेल्या माणसाचा राग येतो तसा. "तिचे हात मी जाऊ देणार नाही. एका अमावस्येला भिंत पडत नसते."

५

अमावस्येला दुपारी बाई गाभाऱ्यात बसल्या. शिवरंजनीला घरी ठेवलं होतं. दार उघडं, दारातून पांढरं ऊन पायरीपर्यंत आलेलं, आणि आत तो गारवा. समोर भिंत. भिंतीवर दिव्याची लोखंडी खुंटी. तिपाईवर कॅमेरा चालू.

पडद्यावर तेच धुकं, तेच डोकं, तोच खांदा. हात मात्र बाईंना नीट सापडेना. त्यांनी पहिल्या दिवशीचं छायाचित्र काढून शेजारी धरलं. त्यात हात वर उचललेला होता. आता कमरेशी होता. तिपाई हलली असेल, त्या मनाशी म्हणाल्या. पण खुंटी दोन्हीकडं एकाच जागी होती. खांदाही. फक्त हात नव्हता.

मग आवाज आला. मोठा नव्हे. ओल्या पिठावरून तळवा फिरवावा तसा. थांबला. पुन्हा आला.

पाल असेल, बाई म्हणाल्या. पाल असा आवाज करत नाही, हेही त्यांना माहीत होतं. घूस असेल भिंतीत. वीतभर शेंदूर आणि त्याच्यामागं हातभर दगड, त्यात घूस बसेल कुठं? त्यांनी डोळे पडद्यावर ठेवले, आणि तेव्हा त्यांना दिसलं की आवाज आणि चित्र बरोबर चाललेत. हात वर जाई तेव्हा आवाज नसे. हात खाली येई, सावकाश, दाबत, तेव्हा तो ओला आवाज येई. काजळीनं काढलेलं चित्र असं करत नाही. इतकी वर्षं चित्रं बघितलेल्या बाईला हे कुणी सांगायला नको होतं.

त्या उठल्या. पळाल्या नाहीत, उठल्या. बंदूक घेऊन देवळामागं गेल्या. बाहेरच्या दगडावर लावली. चुना, लोखंड, दगडात असतं ते सगळं. शेळीनं मान वर करून बघितलं. आत येऊन तीच बंदूक भिंतीच्या पातळ झालेल्या जागी लावली, जिथून खपली सुटली होती. तिथल्या लाल डागाखाली लगेच दगड लागायला हवा होता. दगड लागला नाही. शिसं, शिसं आणि शिसं.

बाईंनी तळवा भिंतीवर ठेवला. भिंत गार होती आणि मधोमध फुगली होती. सकाळी फुगलेली नव्हती.

त्या ठेचकाळत बाहेर आल्या आणि पायरीवर उन्हात बसल्या. डोक्यात एकच गोष्ट पक्की होती. काय वाटेल ते असो तिकडं, पोरीचा हात त्याच्या तोंडी द्यायचा नाही.

६

दुसऱ्या दिवशी त्या देवळात गेल्या तेव्हा दार आधीच उघडं होतं. आत शिवरंजनी. आंघोळ केलेली, केस ओले, डाव्या हातात शेंदराची वाटी. उजवा पंजा पोटाशी धरलेला.

"खाली ठेव ती."

"मॅडम, मामंजी रातभर बसून हायत. जेवले न्हायत. म्हणत्यात घरापतूर आवाज येतोय. मला बी येतोय." तिनं वाटी छातीशी धरली. "एक डाव लावते. एकच डाव. हात काय, एक गेला तर दुसरा हाय."

"दुसराही जाईल. मग काय करशील? दोन्ही पंजे लोंबवत उंबऱ्यात बसशील? माशा हाकलशील दंडानं?"

"तुमी जाताल परत पुण्याला!" शिवरंजनी एकदम ओरडली. "भिंत आमच्या गावात हाय!"

बाईंनी पुढं होऊन वाटी काढून घेतली. शिवरंजनी झोंबली, पण तिच्या बोटांत धरायला जोर कुठं होता? वाटी सहज सुटली. ते बघून दोघीही थबकल्या.

तेवढ्यात भिंतीचा फुगवटा फुटला.

फुटला म्हणजे ताटाएवढी खपली सुटून पायाशी पडली, घट्ट दह्याची कवडी पडावी तशी, जड आणि मऊ. मागं दगड नव्हता. ओला, चकाकणारा शेंदूर होता, पापुद्र्याएवढा पातळ, आणि त्यातून पलीकडं काहीतरी उजळ होतं, दुपार असावी असं. त्या पापुद्र्यावरून पलीकडनं तीन बोटं खाली येत होती. दाबत. बोटांमागं पंजा होता. पंजामागं मनगट, आणि ते मनगट गळालेलं होतं. दुसऱ्या एका हातानं ते खालून उचलून धरलं होतं, म्हणून तीन बोटं कशीबशी भिंतीला लागत होती.

शिवरंजनी उंबऱ्यापर्यंत मागं सरली.

चंद्रप्रभाबाईंनी वाटी जमिनीवर ठेवली. गुडघ्यावर बसल्या, तोंड त्या पापुद्र्याशी नेलं, आणि अंगणात म्हाताऱ्याशी बोलल्या होत्या त्याच आवाजात म्हणाल्या, "ए बाई. लावू नको ते. विष आहे त्यात. तुझा हात त्यानंच गेलाय. थांब आता."

बोटं थांबली.

थोडा वेळ ती तिथंच टेकून राहिली, ऐकणाऱ्या माणसासारखी. मग आधाराच्या हातानं ते मनगट सावकाश मागं घेतलं. पापुद्र्यावर फक्त तीन ओल्या रेघा उरल्या.

"ऐकलं तिनं," शिवरंजनी कुजबुजली. "मॅडम, ऐकलं."

"ऐकणारच. खरं सांगितलं की ऐकतात." बाई उठल्या. गुडघे शेंदरानं भरले होते. आता इकडून दाबणारं कुणी नव्हतं आणि तिकडूनही नव्हतं. हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा छताशी बारीकसा करकर आवाज झाला. भिंतीच्या वरच्या कडेनं शेंदराची धूळ गळायला लागली, आधी एका जागी, मग कडेकडेनं. वीतभर जाडीचा तो सगळा पदर वरून सुटत होता. एका तुकड्यात.

बाईंनी शिवरंजनीचा दंड धरला आणि तिला पायरीवर ढकललं.

"घरी जा. हात साबणानं धू, कोपरापर्यंत. नखं काप. आणि आजपासून शेंदराला शिवायचं नाही, कुणी काही म्हणो."

"आन तुमी?"

"मी बघते."

"काय बघताय? चला की!"

बाईंनी दार ओढून घेतलं आणि आतून कडी घातली. शिवरंजनी बाहेरून दार बडवत होती, एका हातानं. गाभाऱ्यात उजेड राहिला तो समोरून येणारा.

मग शेंदूर बसला. आवाज फार झाला नाही. चिखलात म्हैस बसावी तेवढाच. धुरळा खाली येईपर्यंत बाई तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या. समोर भिंत नव्हती. लाल धुरळ्यापलीकडं, थेट समोर, हात साबणानं धू म्हणून कुणीतरी कुणाला तरी दटावून बाहेर काढल्याचा आवाज आला. दार ओढून घेतलं गेलं. कडी पडली.

चंद्रप्रभाबाईंनी पदर कमरेला खोचला आणि पुढं झाल्या.